तंतू किंवा गाळ : नाही

"अहो, जरा बॅटरी धरा ना इकडे!"

कारखान्यातल्या जुन्या हीट एक्स्चेंजरखाली, म्हणजे रस तापवायच्या यंत्राखाली, मी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी आडवी पडले होते. एका हातात टेप, दुसऱ्यात पेन, आणि दातांत धरलेली बॅटरी नुकतीच निसटून घरंगळत गेली होती. शेजारी बूट दिसले. आपलाच कुणी फिटर असेल म्हणून मी हुकूम सोडला.

बूट खाली बसले. उजेड नेमका हवा तिथे पडला.

"बोल्ट किती दिसतात हो तिकडून?"

"चार. आणि नाकावर ग्रीस लागलंय... तेही लिहायचं का?"

फिटर असं बोलत नाहीत. मी सरपटत बाहेर आले, तर समोर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पाहुण्याचं कार्ड! ज्या तीन कंपन्यांकडून आम्ही नव्या यंत्राचे दर मागवणार होतो, त्यातल्या एकीचा हा इंजिनिअर. जागा बघायला आलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र गालातल्या गालात हसत बॅटरी पुसत होता.

आमचा कारखाना अननसाचा. आजवर गाळलेला रस निघायचा, या हंगामापासून गर काढायचा होता. तो तापवायला नवं यंत्र हवं, आणि त्याची तांत्रिक माहिती भरून दर मागवायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं होतं. माझं पहिलंच स्वतंत्र काम. "माहिती चुकली की यंत्र चुकलं," साहेब म्हणाले होते. "मग हंगामात गर टाक्यांत आंबत बसेल, आणि जबाबदार तू असशील." मी रात्रंदिवस एक करून तक्ता भरला, सही ठोकली आणि पाठवून दिला.

त्या दिवसापासून रोज दुपारी तीनला त्या इंजिनिअरचे फोन सुरू झाले.

"गर आत येताना तापमान किती?"

"पंचवीस. तक्त्यात लिहिलंय."

"आणि बाहेर पडताना?"

"नव्वद. तेही लिहिलंय."

"माहितीये हो... तुम्ही सांगितलं की जास्त नीट कळतं."

आता यावर काय बोलणार! मी खोटं रागावून फोन ठेवायची, आणि दुपारचे तीन वाजले की पुन्हा फोनकडेच बघत बसायची. ऑर्डर निघेपर्यंत विक्रेत्यांशी फक्त कामापुरतं बोलायचं, असा साहेबांचा सक्त नियम होता. मी तो अगदी काटेकोर पाळत होते. पण माझी सख्खी मावशी आमच्याच कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"कामापुरतं बोलताना कान लाल होतात का गं?" तिने विचारलं.

"मावशी, पुरे हं!"

पुढच्या आठवड्यात तो गर बघायला आला. मावशीने ताज्या गराचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला. त्याच्या बॅगेत नमुन्याचे दोन स्टीलचे पत्रे होते. असे पत्रे एकमेकांना खेटून बसवायचे. एका फटीतून गर, शेजारच्या फटीतून गरम पाणी, असं त्यांचं यंत्र. त्याने दोन्ही पत्रे जुळवले आणि वरून गर ओतला. थोडा खाली उतरला... आणि अडकला. फटीच्या तोंडाशी पिवळ्या धाग्यांचा बोळा जमला होता.

त्याचं हसू मावळलं. त्याने तक्ता काढून माझ्यासमोर धरला. "तंतू किंवा गाळ : नाही."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. जुन्या रसाच्या तक्त्यावरूनच मी हा तक्ता उतरवला होता. तापमानं बदलली, प्रवाह बदलला, आणि ही एक ओळ... तशीच राहिली होती.

"आमचं यंत्र इथे आठवडाभरसुद्धा चालणार नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला रुंद नळ्यांचं हवं. बाकीचे दोघं बनवतात, आम्ही नाही."

"म्हणजे तुमची ऑर्डर...?"

"गेली."

"तुम्ही गप्प बसू शकला असतात. तक्त्यावर सही माझी आहे."

"म्हणून तर बोललो." तो पत्रे पुसत राहिला, माझ्याकडे बघितलं नाही.

मावशी एकदम दुसऱ्या टेबलाकडे वळून बाटल्या मोजायला लागली.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. चूक माझी, पकडली त्याने. साहेबांनी चष्मा काढला, तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "यंत्र येऊन बसल्यावर सांगितलं असतंस तर घरी पाठवलं असतं. आजच्या आज दुरुस्त करून तिघांनाही पाठव."

पाठवला. दोघांचे नवे दर आले. तिसऱ्या कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं : हे काम आमच्या आवाक्यातलं नाही, क्षमस्व. खाली त्याची सही.

हंगाम वाचला, नोकरी वाचली. मला आनंदाने नाचायला हवं होतं. पण तीन वाजले, सव्वातीन वाजले, आणि फोन काही वाजेना. बरोबरच आहे, आता कोणत्या कामाने करणार बिचारा? दोन दिवस मी असेच काढले. तिसऱ्या दिवशी मावशीच म्हणाली, "अगं, त्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि फोन लावला.

"तुमची कंपनी आता आमच्या यादीत नाही," मी एका दमात म्हणाले.

"हो... पत्र मीच लिहिलं होतं."

"म्हणजे मी आता कामापुरतं बोलायला बांधील नाही. मला तुम्ही आवडता. खूप. तीन वाजले की काही सुचत नाही मला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"हॅलो? आहात ना?"

"आहे, आहे... खुर्चीत बसून घेतलं जरा." तो म्हणाला. "त्या दिवशी घरी गेलो, आईला सांगितलं की मोठी ऑर्डर हातची गेली. ती म्हणाली, मग मेल्या हसतोयस का?"

"मग? काय सांगितलंत त्यांना?"

"तुमच्याबद्दल सांगितलं. सगळं."

मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते. साडेपाचला सुटते, फाटकापाशी या, एवढंच कसंबसं म्हणाले.

तो पाच वाजताच येऊन उभा राहिला होता.