पाठीवरचे पांढरे हात

डबा माझ्या पिशवीतून निसटला आणि टप् टप् करत पायऱ्या उतरायला लागला. खाली कुणीतरी तो पायाने अडवला, उचलला, त्यावरचं बाळाचं चित्र पाहिलं आणि मग वर माझ्याकडे.

"बाळ कुठंय?"

"कोणाचं?"

"पावडरचं."

"भाचीची आहे… चुकून आली पिशवीत."

मला भाची नाही. भाऊ-बहीणही नाही. पण त्या डोळ्यांत हसू होतं, आणि हसणाऱ्या माणसासमोर मला आधी खोटंच सुचतं. त्याने डबा दिला. तो घेताना माझी बोटं त्याला लागणार नाहीत इतक्या टोकाला मी तो पकडला.

अंबरनाथ पूर्वेला एका पतपेढीच्या वरच्या हॉलमध्ये आम्हा फिजिओंचं दोन दिवसांचं शिबिर होतं. मशीन बाजूला ठेवायचं आणि नुसत्या हातांनी पाठ तपासायची, आखडलेला मणका शोधायचा, मोकळा करायचा. घरून चादर आणि नॅपकिन आणायला सांगितलं होतं. पावडर कुणी सांगितली नव्हती.

मी उल्हासनगर कॅम्प दोनला एका दवाखान्यात आहे. जीन्स शिवणारे कारागीर मान धरून येतात, कंबर धरून येतात. मी त्यांच्या पाठीला पॅड चिकटवते, करंट लावते, पडदा ओढून घेते. म्हाताऱ्या सिंधी आंटी म्हणतात, "बेटी, मशीन तो घर पे भी है. तू हाथ लगा ना." मी हसून टायमर फिरवते.

कारण माझ्या तळहातांना घाम येतो. उन्हाळ्याचा नाही, बाराही महिन्यांचा. कागद भिजतो, मोबाईल माझं बोट ओळखत नाही. गेल्या वर्षी आई मला वधू-वर मेळाव्याला घेऊन गेली होती. एक मुलगा चांगला बोलला, निघताना हात पुढे केला, मी हातात हात दिला… आणि त्याने आपला हात पँटीला पुसला. मुद्दाम नाही, आपोआप. नकार नंतर आला, तोही गोड शब्दांत. मला शब्द आठवत नाहीत. पँटीवरून फिरलेला तो हात आठवतो.

आता दवाखान्याची शहाडला नवी शाखा निघत होती आणि सरांना तिथे हाताने काम करणारा माणूस हवा होता. सर म्हणाले होते, शिकून ये, शाखा तुझी. नाहीतर करंट आहेच.

शिबिर घेणाऱ्या मॅडम जोड्या लावत होत्या तेव्हा मी बेसिनपाशी हातांवर पावडर थापत होते. परत आले तर बायकांच्या जोड्या लागून गेलेल्या. उरला होता डबा अडवणारा. गडद निळा टी-शर्ट, बदलापूरचा, घरोघरी जाऊन पेशंट बघणारा. नाव धम्मदीप. मॅडमनी त्याला माझ्या टेबलावर पालथं झोपायला सांगितलं.

"आज कपड्यावरूनच. वरून खाली या, एकेक मणका."

मी बोटं ठेवली. म्हणजे टेकवली. हवेत धरल्यासारखी. आणि तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग टेबल. सगळा हॉल आमच्याकडे वळला आणि माझे कान तापले.

"सॉरी, सॉरी," तो चादरीत तोंड खुपसून म्हणाला. "गुदगुल्या होतात मला. तुम्ही नीट हात ठेवा ना. घाबरत ठेवला की होतात."

नीट हात ठेवा. जणू ते माझ्या हातात होतं.

तेवढ्यात सुनंदा मॅडम आल्या. शिकवणं बदलापूर ते पुण्यापर्यंत, आवाज सासूचा आणि हात आईचे. त्या त्याच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या, मग सगळ्यांना बोलावलं. निळ्या टी-शर्टवर माझे दोन पांढरे पंजे उमटले होते. एक जरासा ठसठशीत, दुसऱ्याची नुसती बोटांची टोकं.

"हे बघा, कसं छान दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "उजवा हात आहे. डाव्याने नुसती हजेरी लावलीय. आणि पावडर कशाला गं? हात घसरतो, खालचं काही कळत नाही. उद्या टी-शर्ट नाही, नॅपकिन नाही, पावडर नाही. ज्यांचा हात बसणार नाही त्यांच्या सर्टिफिकेटवर मी सही करत नाही."

हसले सगळे, वाईट कुणीच नव्हतं. पण मला त्या टेबलाखाली जावंसं वाटलं.

चहाला सगळे खाली टपरीवर गेलो. धम्मदीप पाठीवर ते दोन हात घेऊन रस्त्यावर उभा, आणि रिक्षावाले वळून वळून बघत होते.

"झटका ना ते," मी हळूच म्हटलं.

"माझा हात नाही पुरत पाठीवर."

"मग दुसऱ्या कुणाला सांगा."

"ज्याचे हात त्यानेच न्यावेत," तो म्हणाला आणि कपात बघत राहिला. माझ्या कपात मी. भर रस्त्यात परक्या मुलाची पाठ झटकायची, तीही या हातांनी… मी झटकली नाही. तो तसाच स्कूटी घेऊन बदलापूरला गेला. फॉरेस्ट नाक्याच्या वळणापर्यंत माझे दोन हात त्याच्या पाठीवर दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी हॉलपर्यंत आले आणि जिन्यातच थांबले. पोटात दुखतंय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. शहाडची शाखा जाऊ दे. उघड्या पाठीवर ओले हात ठेवायचे आणि मग तो माणूस नॅपकिन मागणार, सगळ्यांसमोर… त्यापेक्षा करंट बरा.

तो खालून दोन-दोन पायऱ्या चढत आला. माझं तोंड दाराकडे नाही हे त्याने बघितलं.

"आईने विचारलं काल, हात कोणाचे म्हणून," तो म्हणाला. "म्हटलं, उद्या विचारून सांगतो."

मला हसायला हवं होतं. रडू यायला लागलं. मग मी दोन्ही तळहात त्याच्यासमोर उघडे केले. कुणाला असे कधी दाखवले नव्हते, आईलासुद्धा नाही. जिन्यातल्या उजेडात ते चमकत होते.

"मला भाची नाही," मी म्हटलं. "हे आहेत."

तो बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मी हात मिटायला लागले.

"काल कळलंच होतं," तो म्हणाला. "चहाच्या कपावर तुझी सगळी बोटं उमटली होती." तुम्हीचं तू कधी झालं ते त्यालाही कळलं नसावं. "आणि मी? फिजिओ असून मला कुणी हात लावला की हसू फुटतं. कॉलेजात सरावाला मला कुणी मॉडेल म्हणून घेत नव्हतं. आपण दोघं म्हणजे… सेकंडचा, डागी माल आहोत. चल."

"तू हसलास तर मी निघून जाईन."

"तू घाबरलीस तर मी हसणारच. माझ्या हातात नाही ते."

मॅडमनी दाराशीच माझा डबा काढून घेतला.

तो टी-शर्ट काढून पालथा झोपला. मी ओढणी कमरेला बांधली, हात पुसले, पुसता पुसता ते पुन्हा ओले झाले. मग मी डोळे मिटले आणि दोन्ही हात पूर्ण ठेवले, मनगटापर्यंत. तो हसला नाही.

आणि हात घसरला नाही. ओला होता म्हणूनच कातडीला धरून राहिला. काल पावडरीवरून नुसता सरकत होता. आज त्याखालचं सगळं कळत होतं. श्वास वर येतो कुठे, अडतो कुठे. खांद्याच्या दोन पात्यांमध्ये एक मणका उजव्या अंगाने हट्टाने बसून होता. मशीनची जड बॅग तो त्याच बाजूच्या खांद्याला लावत असणार.

"इथे?" मी विचारलं.

"इथेच," तो म्हणाला, अगदी हळू. "कुणाला सापडत नव्हतं."

मी दाबत राहिले, सोडत राहिले, हलकेच. मॅडम कधी येऊन उभ्या राहिल्या आणि कधी पुढे गेल्या ते कळलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "डावा हात आला वाटतं कामाला."

मी हात उचलले. त्याच्या पाठीवर दोन ओले पंजे होते, पंख्याच्या वाऱ्याने कडांकडून सुकत चाललेले. मला लाज वाटली, पण कालच्यासारखी नाही. ते पूर्ण सुकेपर्यंत मी बघत राहिले.

सर्टिफिकेटवर सही झाली. मी ते लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, भिजू नये म्हणून.

खाली स्कूटीपाशी त्याने हात पुढे केला. माझा हात सवयीने ओढणीकडे गेला.

"पुसू नकोस," तो म्हणाला.

मी तसाच दिला. त्याने तो धरला, सोडायला हवा त्याहून थोडा जास्त. मग सोडला. आणि मी दुसरं काही बघितलं नाही, फक्त त्याचा हात बघितला. तो पँटीकडे गेला नाही. खिशातल्या रुमालाकडेही नाही. सरळ स्कूटीच्या मुठीवर गेला आणि तिथे मिटला.

"मग आईला सांगू, हात कोणाचे ते?" गाडी चालू करत त्याने विचारलं.

"सांग," मी म्हटलं.