कारणाचा रकाना

कारखान्यात आत जायची वाट एका बाकावरून जायची. बाक साधाच, स्टीलचा, गुडघ्याएवढा उंच, पण खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा. अलीकडे बाहेरच्या चपला, पलीकडे आतले पांढरे बूट. बाकावर बसायचं, चप्पल काढायची, गिरकी घेऊन पाय पलीकडे न्यायचे आणि थेट बुटांत घालायचे. पहिल्याच दिवशी तिने एक पाय चपलेसकट पलीकडे टाकला.

"पाय मागे घ्या."

तिने वर पाहिलं. टोपी, मास्क, पायघोळ पांढरा अंगरखा... आणि मधल्या फटीत दोन डोळे. तेवढाच माणूस दिसत होता. तिचं मात्र तेवढ्यानेही भागलं, हे आता लपवण्यात काही अर्थ नाही.

"सॉरी, चुकले."

"कारण?"

"...पहिला दिवस आहे."

डोळे किंचित बारीक झाले. मास्कमागे हा माणूस हसतोय की रागावलाय, हे ओळखायला तिला पुढे तीन आठवडे लागले.

ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजने तिला सहा महिन्यांसाठी या गोळ्यांच्या कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये, ट्रेनी म्हणून धाडलं होतं आणि तिला शिकवायचं काम नेमकं त्याच डोळ्यांकडे आलं. सगळे त्याला कारणेसर म्हणायचे, म्हणून तीही मोठ्या आदराने कारणेसर म्हणू लागली. आठवड्याने हजेरीपत्रकावर त्याचं आडनाव भलतंच निघालं, तेव्हा अख्खी लॅब पोट धरून हसली. उठता-बसता 'कारण?' विचारतो म्हणून पडलेलं नाव होतं ते. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या की हा 'कारणे दाखवा' नोटीस हातात घेऊनच जन्माला आलाय. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मात्र खालच्या आवाजात एवढंच सांगितलं की आता नाव बदलू नका, सवय झाली आहे.

काम तिला आवडलं. सहा काचपात्रांत कोमट पाणी, प्रत्येकात हळू फिरणारं एक वल्हं. एकेक गोळी सोडायची आणि ठरल्या वेळी थेंबभर पाणी काढून बघायचं, किती विरघळली ते. मधल्या वेळात जागचं हलायचं नाही. त्या रिकाम्या मिनिटांत त्यांचं बोलणं व्हायचं. तो लहानपणी कडू औषध घ्यायच्या वेळी पलंगाखाली लपायचा, तिच्या बाबांना वाटायचं की मुलीने बँकेत जावं, त्याची आई एकटी गावी असते... असं तुकड्यातुकड्याने. घड्याळ वाजलं की गप्पा तिथेच तुटायच्या, पुढच्या वेळी तो बरोबर त्याच वाक्यापासून सुरू करायचा. हे तिला फार आवडायचं. आपलं अर्धं वाक्य कुणी जपून ठेवतं, हे तिने याआधी पाहिलं नव्हतं.

लॅबला खिडकी नव्हती. बाहेर पाऊस आला की भिंतीवरचा दमटपणाचा काटा वर सरकायचा, एवढीच बातमी. काटा सरकला की दोघं एकदमच तिकडे पाहायची, मग एकमेकांकडे, आणि मग उगाचच आपापल्या वहीत.

वहीवरून तिने एकदा बोलणी खाल्ली होती. वजनात शून्य चुकलं म्हणून तिने आकडा गिरवून नीट केला, तर त्याने पेनच काढून घेतलं. गिरवायचं नाही, पान फाडायचं नाही, पांढरा रंग तर फासायचाच नाही. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही, तारीख, आणि कारण.

"म्हणजे माझी चूक सगळ्यांना कायमची दिसणार?"

"दिसू द्या. चूक आहे, चोरी नाही."

तेव्हा तिला राग आला होता. घरी येऊन तिने आत्यापुढे त्याच्याबद्दलच्या तक्रारींचा पाढा वाचला. ती राहायला आत्याकडे होती, आणि आत्या तीस वर्षं नर्स होती, त्यामुळे तिच्यापासून नाडी लपवणं कठीण. आत्याने सगळं ऐकून घेतलं, भाजी चिरता चिरता विचारलं, "तुमची ती गोळी विरघळायला किती वेळ लागतो गं?"

"अर्धा तास."

"तू तर त्याच्या आधीच विरघळलीस की."

त्याचा पूर्ण चेहरा तिने दोन महिन्यांनी पाहिला. बसथांब्यावर एक मिशीवाला माणूस तिच्याकडे पाहून मान हलवत होता. ती दोन पावलं बाजूला सरकली. मग डोळे ओळखू आले.

"सर... तुम्हाला मिशी आहे?"

"कारण?"

"अहो, मिशीला काय कारण! मी तुम्हाला बिनमिशीचं धरून चालले होते."

"म्हणजे माझ्या चेहऱ्याचा विचार केला होतात तर."

बस आली म्हणून ती वाचली. खिडकीतून तिने वळून पाहिलं, तो हसत होता. खालच्या ओळीतला एक दात थोडा वाकडा होता. त्या रात्री तिला झोप लागली ती त्या दातासकट.

पुढचे चार महिने कसे गेले ते विचारू नका. तो रोज तिच्या नोंदींशेजारी 'तपासले' म्हणून सही करायचा. एका ओळीत दोन सह्या, तिची आधी, त्याची नंतर. याहून जवळ दोघं कधी आली नाहीत. तो काही बोलत नव्हता आणि तिची जीभ रेटत नव्हती. आणि बघता बघता शेवटचा आठवडा उजाडला. शनिवारी तिचं ट्रेनिंग संपणार होतं, रविवारी सकाळी ती आपल्या गावी, कॉलेजला परत जाणार होती. जाण्याआधी तिला एकच गोष्ट कळायला हवी होती, की हे सगळं आपल्या एकटीच्याच मनात आहे की काय.

आणि सोमवारी तो आलाच नाही.

मॅडमकडे रजेचा अर्ज होता. कारण म्हणून एकच शब्द लिहिलेला, 'घरगुती'. जगाला कारण विचारणाऱ्याने स्वतः असं एका शब्दात उरकावं, याचा तिला भयंकर राग आला. मंगळवारी रागाची काळजी झाली. बुधवारी दमटपणाचा काटा एकदम वर सरकला, तिने सवयीने शेजारी पाहिलं आणि शेजारी कुणी नव्हतं. तिला फार एकटं वाटलं. ती वजनकाट्यापाशी गेली, नमुना तोलला, काट्याच्या वहीत आकडा लिहिला, सही केली. शेऱ्याच्या रकान्यात रोजच्यासारखं 'काटा ठीक' लिहायचं होतं.

तिने पेन खाली ठेवलं आणि काय लिहिलंय ते वाचलं.

'आजही आले नाहीत.'

पानांवर छापील पानक्रमांक होते, फाडायची सोय नाही. ही वही मॅडम बघणार, उद्या बाहेरचे तपासनीस बघणार. तिने एक आडवी रेघ मारली. खालचं लख्ख वाचता येत होतं. सही केली, तारीख घातली, कारणापुढे लिहिलं, 'चुकून लिहिले'. आणि तपासणाऱ्याचा रकाना रिकामा राहिला, कारण ट्रेनीच्या नोंदी फक्त तिच्या मार्गदर्शकानेच तपासायच्या असा नियम होता.

शनिवारी तो आला. डोळे जागरणाने लाल. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अचानक करावं लागलं, आता ठीक आहे, असं त्याने मॅडमना सांगितलेलं तिने पाठमोरं उभं राहून ऐकलं. मग तो खुर्ची ओढून काट्याच्या वहीपाशी बसला आणि आठवड्याच्या नोंदी तपासू लागला. सोमवार, सही. मंगळवार, सही. बुधवारवर पेन थांबलं.

वल्ही फिरत होती. ती पात्रांकडे बघत राहिली.

"हे कारण पुरेसं नाही," तो म्हणाला.

"चुकून लिहिलं सर."

"ते वाचलं. चुकीच्या वहीत लिहिलं... की लिहिलं ते चूक आहे?"

सहा महिन्यांत त्याने विचारलेला हा सर्वांत सरळ प्रश्न होता. वाकडं उत्तर देणं सोपं होतं. तिने वही पुढ्यात ओढली आणि जुन्या कारणावर एक रेघ मारून शेजारी लिहिलं, 'चुकीच्या वहीत लिहिले'.

त्याने वाचलं. सही केली. 'तपासले'. गुरुवारच्या ओळीकडे वळला.

बस, एवढंच. ती दिवसभर वाट पाहत राहिली. पाच वाजता मॅडमनी तिला प्रमाणपत्र आणि तिची ट्रेनिंगची डायरी दिली, पाठीवर हात ठेवला, आणि ती निघाली. तो कुठे दिसला नाही.

बाकावर बसून तिने आतले बूट काढले, पाय अलीकडे घेतले, एक चप्पल घातली. दुसरी घालवेना. काहीतरी हाताला चाळा म्हणून तिने डायरी उघडली, मार्गदर्शकाच्या शेऱ्याचं पान.

'काम उत्तम. आज शेवटचा दिवस.'

'आज शेवटचा दिवस' यावर एक आडवी रेघ होती. नीट, सरळ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला त्याची सही, आजची तारीख, आणि कारण: 'नोंद खरी नाही.' त्याच्याशेजारी, नियमाप्रमाणे, मॅडमची सही. 'तपासले'.

म्हणजे मॅडमनाही माहीत होतं. आणि ही डायरी सोमवारी कॉलेजात दाखवायची होती! तिला हसू आलं, रडूही आलं, आणि मागे पावलं वाजली तशी ती गर्रकन वळली. चपलेचा पाय सरळ पलीकडे.

"पाय मागे घे."

'घ्या' नव्हे. 'घे'. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

तिने पाय मागे घेतला. तो पलीकडे उभा होता, मास्क खाली ओढलेला, मिशी जागच्या जागी.

"तू आत येऊ नकोस," तो म्हणाला. "मीच बाहेर येतोय."

"कारण?" तिने विचारलं.

"कारण तू चाललीस," तो म्हणाला आणि बाकावर बसून बुटाची नाडी सोडू लागला.