‘एल हिलगेरो’ सर्चमधून बेपत्ता

सोमवारी सकाळी ‘एल हिलगेरो’ हॉटेल हरवलं.

इमारत तुरिआल्बा गावात जागच्या जागी होती. दारातल्या कुंड्याही होत्या. पण सर्चमध्ये नाव टाकलं की काहीच येत नव्हतं. राफ्टिंगला येणारे परदेशी पाहुणे तिथूनच खोल्या घेत. हंगाम तोंडावर आला होता आणि फोन वाजत नव्हता.

मालकीण एदा केसादाने तासाभरात गुन्हेगार ठरवला आणि तक्रार ठोकली. बुधवारी न्यायिक पोलिसांच्या संगणक शाखेतली फ्लोर अर्गेदास सान होसेहून आली. एदाने फोनवर वाट सांगितली होती: पेट्रोलपंपापासून एक चौक पूर्वेला. त्या वाटेने फ्लोर न चुकता पोचली.

असल्या प्रकरणांचा फ्लोरला वीट आला होता. दरोडेखोराला निदान भिंत तरी चढावी लागते. ही जमात खुर्चीतून न उठता लुबाडते आणि वर स्वतःला तज्ज्ञ म्हणवते.

“आज संध्याकाळी राफ्टिंगच्या वाटाड्यांच्या संघाची सभा आहे,” एदा कॉफी गाळत म्हणाली. “त्या चिलीवाल्याला नदीवरून हाकलायचा ठराव मीच मांडतेय.”

“कोण चिलीवाला?”

“पात्रिसिओ ओयार्सुन. पुढच्या वळणावर हॉटेल आहे त्याचं. येऊन चार दिवस झाले नाहीत, पण तोरा असा, की जशी नदी याच्या आजोबाने खणली.”

“ठराव झाला तर?”

“तर होड्या विकून घरी जाईल. जाऊ दे की.”

“पुरावा?”

“माझा भाचा दाखवेल. वेबसाइटचं सगळं तोच बघतो. फार हुशार आहे हो.”

भाचा केइलोर तिशीतला होता. अत्तर भरपूर लावलेला. तो फोनवर खेकसत होता. “अहो, तोब्यासच्या आंब्यापासून दोनशे मीटर दक्षिणेला! काय? आंबा दिसत नाही? बरं बरं, पंपावर थांबा, मी येतो.” त्याने फोन ठेवला. “नवा गॅसवाला. त्याला काय कळणार म्हणा.”

“मलाही आंबा दिसला नाही,” फ्लोर म्हणाली.

“नसणारच. माझ्या जन्माआधीच पडला. आमच्या गल्लीत अजून तिथूनच मोजतात. बाहेरच्यांना आम्ही पंप सांगतो.”

मग त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर पानंच पानं. कुठली माद्रिदच्या कुणा भटक्या बाईची, कुठली लिमाच्या कुणा खवय्याची. प्रत्येकात ‘एल हिलगेरो’ची स्तुती आणि हॉटेलच्या साइटची लिंक.

“या सगळ्या विकतच्या लिंका आहेत, मॅडम. अशा लिंका दिसल्या की सर्चवाले हॉटेलला शिक्षा करतात, यादीतून काढून टाकतात. ओयार्सुनने मुद्दाम घेतल्या आमच्या नावावर. आम्हाला गाडायला.”

“ओयार्सुननेच कशावरून?”

“दुसरं कोण? सर्चच्या यादीत आमच्या खालोखाल तोच होता.”

फ्लोरने काही पानं वाचली. तोच मजकूर, फक्त लेखक वेगळे. शांत खोल्या, घरची कॉफी, शेवटी हॉटेलला पोचायची वाट. ती शेवटची ओळ तिने पुन्हा वाचली आणि उठली.

ओयार्सुन आपल्या हॉटेलच्या अंगणात होडीला ठिगळ लावत होता. त्याने मान वर केली नाही.

“बेड्या आणल्यात का?”

“प्रश्न आणलेत. तुमच्या पाहुण्याला एदाबाईंचं हॉटेल कसं दाखवाल?”

“मी कशाला दाखवू?” मग त्याने खांदे उडवले. “नकाशावरची खूण फोनवर पाठवेन.”

“तोब्यासचा आंबा माहीत आहे?”

“कोण तोब्यास? हे बघा बाई, या गावात मेलेल्यांच्या दुकानांवरून आणि पडलेल्या झाडांवरून वाट सांगतात. मी तो नाद केव्हाच सोडला.” हातातलं ठिगळ खाली ठेवून तो म्हणाला, “आता माझा प्रश्न. गेल्या हंगामात माझ्या हॉटेलचं नाव शोधलं, की आधी एदाबाईंचं का यायचं?”

परतताना फ्लोरची पावलं झपाझप पडत होती.

तिने केइलोरच्या लॅपटॉपवर ‘एल हिलगेरो’ची साइट उघडली. फोटोखाली कोरी पांढरी जागा होती. तिने बोट दाबून ती सगळी जागा निवडली. निळ्या पट्टीवर शब्द उमटले: स्वस्त हॉटेल, राफ्टिंग, राफ्टिंग, ओयार्सुन, ओयार्सुन, ओयार्सुन.

एदा वाकून बघत राहिली. “हे काय? याचं नाव माझ्या पानावर?”

“पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. माणसाला दिसत नाहीत, सर्चला दिसतात. ओयार्सुनचे पाहुणे तुमच्या दारात आणायला.” फ्लोर केइलोरकडे वळली. “साइटची किल्ली कुणाकडे?”

“माझ्याकडे. पण मॅडम, हे सगळेच करतात…”

“खिसे कापणारेही हेच सांगतात. आता लिंका. मला सांगा, एदाबाई, तुम्हाला गाडायला निघालेला शत्रू काय लिहील? जुगार, भलत्या गोळ्या, घाण. तुमच्या कॉफीचं कौतुक करून गिऱ्हाइकाला दारापर्यंतची वाट सांगेल?”

एदाची नजर केइलोरकडे वळली.

“आणि वाट कुठून? तोब्यासच्या आंब्यापासून. माद्रिदच्या बाईला ठाऊक नाही, ओयार्सुनला नाही, गॅसवाल्यालाही नाही. तुम्ही स्वतः मला पंप सांगितलात. परक्याला आंबा सांगायची चूक या घरात एकच जण करतो. आज माझ्यादेखत केली त्याने. मजकूर यानेच लिहिला, भाडोत्री पानांवर छापून घेतला आणि तुम्हाला वर चढवलं. सर्चवाल्यांनी पकडलं, तेव्हा स्वतःच्याच चोरीचा माल पुरावा म्हणून मांडला.”

“मावशी, मी तुमच्यासाठीच केलं!” केइलोरचा आवाज चिरकला. “वर यायचं होतं ना तुम्हाला?”

“मला पाहुणे हवे होते, मेल्या. दुसऱ्याच्या दारातून चोरून आणलेले नव्हे.” एदा खुर्चीत बसली. “मॅडम, आता?”

“लपवलेलं पुसा, लिंका काढायला लावा, सर्चवाल्यांना खरं लिहा, मग वाट बघा. हा हंगाम गेलाच समजा. खोटी तक्रार मागे घ्या. याला मी नेणार नाही. एवढ्या फालतू लबाडीसाठी माझ्या गाडीत जागा नाही.”

मग एदाने शाल घेतली.

“चल.”

“कुठे?”

“सभेला. लोक जमले असतील. ठराव मागे घेते आणि का ते सांगते.”

“मावशी, पाया पडतो. माझं नाव तेवढं घेऊ नका. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.”

एदाने त्याला दंडाला धरून उठवलं.

“पहिला नंबर हवा होता ना तुला? आज सगळ्यात आधी तुझंच नाव घेते.”