दगडातलं नाव

विश्वास ठेवा, नाहीतर राहू द्या. मी शपथा खात बसणार नाही. इस्फहानच्या बाजारात, ऐन उन्हाळ्याच्या तीर महिन्यातल्या भर दुपारी, आमच्या चित्रशाळेत हे घडलं. मी तिथेच होते.

बाबा उस्ताद. पोथ्यांची चित्रं करायचे. पण चेहरे काढायच्या मुनीरे खानम. मांजराच्या केसांच्या कुंचल्याने, तांदळाच्या दाण्याएवढे.

शिकारीच्या एका पानावर नऊ स्वार होते. तीन वर्षं लागली. त्या पानाने खानमचे डोळे खाल्ले.

नजर पुरती जाण्याआधी त्यांनी चित्रातल्या डोंगरावर, एका दगडाच्या कडेला आपलं नाव लिहिलं. मुंगीएवढं.

"तूबा, माझं एवढंच मागे राहणार बघ," मला म्हणाल्या.

बाबांनी ते चाकूने खरवडलं.

"बाबा, राहू द्या की. कुणाला दिसतंय?"

"तू गप्प बस. चित्रशाळा माझी, नावही माझंच."

त्यांचा हात थरथरायचा. म्हणून त्यांचं नाव तिथे मी लिहिलं. लाज वाटत होती, तरी लिहिलं.

खानमनी पानावरून बोट फिरवलं. ते दगडापाशी थांबलं.

"उस्ताद, डोळे गेलेत माझे. बोटं शाबूत आहेत."

चहा तसाच टाकून त्या निघून गेल्या. त्याच हिवाळ्यात वारल्या.

मग तीर महिना आला. दुपारी बाजार बंद, बाबा आतल्या खोलीत झोपलेले. आणि...

खर्र... खर्र...

कागद खरवडल्याचा आवाज. आम्हाला तो झोपेतही कळतो.

धावत गेले. पानाजवळ कुणीच नव्हतं. पहिल्या स्वाराचे डोळे मात्र... नव्हते. तिथे नुसता पांढरा कागद.

चाकू पेटीत घातला, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. दुसऱ्या दुपारी दुसरा स्वार गेला.

नऊ दुपारी. नऊ स्वार.

दहाव्या दुपारी आवाज आला तो... बाबांच्या खोलीतून.

"तूबा, खिडकी उघड गं. अंधार का केलायस?"

खिडकी उघडीच होती. बाबांच्या तोंडावर ऊन पडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, बुबुळांवर बारीक ओरखडे आहेत. चाकूच्या टोकाने ओढल्यासारखे.

मी बाबांचं नाव खरवडून काढलं आणि खानमचं पुन्हा लिहिलं. रडत रडत म्हटलं, "खानम, चुकले मी. तुमचं तुम्हाला परत केलं."

आठवडाभर आवाज नाही. वाटलं, सुटले.

मग त्या दगडाशेजारी दहावी आकृती दिसली. मी काढलेली नाही. बाई आहे. हातात कुंचला, हनुवटीवर तीळ. माझा आहे तिथेच. चेहरा इतका नाजूक, की असं काम एकाच हाताचं होतं.

काल दुपारी तिचा उजवा डोळा खरवडला गेला.

हे मी एका डोळ्याने लिहितेय.

आता बाहेर दुकानांची दारं ओढायला लागलेत. तिचा डावा डोळा अजून जागेवर आहे. मी पानासमोरून हलत नाहीये.