न हललेला काटा

मशीन किंचाळलं, काहीतरी सूं करत गेलं आणि शेडच्या लाकडी दारात रुतलं. ताईच्या धाकट्या भावाच्या, बोक्याच्या, डोक्याच्या जेमतेम वीतभर वर. बोका जागचा हलला नाही, हलावं हेच त्याला सुचलं नाही.

मामाने झटकन बटण दाबलं. दारात रुतला होता तो कटरचा मोडका तुकडा. बोक्याला चाचपून बघत मामा मोठ्याने हसला, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला ताईने पाहिला.

"कटर हलक्या प्रतीचं निघालं," तो म्हणाला. "चांगलं घेऊन येतो, मग पोलादाची पट्टी कापून दाखवतो. तोवर कशाला हात लावायचा नाही."

कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणारं हे मशीन मामाने घरीच बनवलं होतं. सुट्टीला आलेल्या ताई-बोका या भावंडांना त्याचा कोण अभिमान! आता मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं. चालू कटरवर मामा नाक टेकेल इतका वाकून बघायचा. पुढचा तुकडा त्याच्या डोळ्यातच जाईल, असं ताईला वाटत राहिलं.

"दोष कटरचाच कशावरून?" मामा गेल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला. ऊठसूट शंका काढतो म्हणून त्याचं नाव शंकासूर पडलं होतं. त्याने कापलेल्या ॲल्युमिनियमवर नख फिरवलं. "लाटा लागतात बघ. कापताना कटर थरथरत होतं. मला वाटतं, सांगाडाच डुलतोय."

"मामाने तपासलाय तो. पाण्याची बादली टांगून ओढून बघितला, डायलचा काटा हललाच नाही."

"मग आपणही ओढून बघू."

ताईने बोक्याला प्लग काढायला लावला. तो मुठीत घट्ट धरून बोका खाली बसला. बाकीच्या दोघांनी कटर धरणाऱ्या भागाला दोरी बांधली आणि कप्पीवरून बादली सोडली. केसाएवढी हालचालही दाखवणारा घड्याळासारखा डायल मामाने चुंबकाने मशीनच्या उभ्या खांबाला चिकटवला होता; त्याचं टोक कटर धरणाऱ्या भागाला टेकत होतं. त्याचा काटा ढिम्म! ताई रडायच्या बेतात आली. आपण घाबरट ठरणार आणि मामा मशीन सुरू करणार.

शंकासूर मात्र डायलकडे टक लावून बसला होता. "हा खांबाला चिकटलाय. खांबच कलला तर?"

"तर डायलही त्याच्याबरोबर कलेल," ताई सावकाश म्हणाली. "मग काटा काय कपाळ दाखवणार?"

शेजारचा दगडी ओटा मशीनला कुठेच टेकत नव्हता. त्यांनी त्यावर जड लोखंडी ठोकळा ठेवला, डायल ठोकळ्याला चिकटवला, टोक पुन्हा कटरच्या भागाला टेकवलं आणि बादली सोडली. काटा गर्रकन फिरला. डायलचं टोक खांबाच्या तळाशी लावलं, तर तिथेही तेच. खांब ज्या पत्र्यावर बोल्टने आवळले होते, तो पत्राच वाकत होता.

तेवढ्यात मामा दारात उभा. हातात नवं कटर, कपाळावर आठ्या. "हात लावू नका म्हणालो होतो ना? प्लग दे इकडे."

बोक्याने नकारार्थी मान हलवली.

"मामा, मग हवं तेवढं ओरड," ताई बादली उचलत म्हणाली, "पण आधी ही बादली तू सोड."

मामाने बादली सोडली. काटा फिरला. उचलली, काटा परत आला. त्याने पुन्हा सोडली, पुन्हा उचलली आणि मग मटकन स्टुलावर बसला.

"मोजणाराच डुलणाऱ्याच्या खांद्यावर बसवला मी," तो पुटपुटला. "पोलाद कापलं असतं तर..." त्याने दारात रुतलेल्या तुकड्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "खाली पत्र्याऐवजी जाड लोखंडी पाट हवा, खांबांना तिरके आधार हवेत. ते बसवून, असंच मोजून झाल्याशिवाय हे मशीन चालणार नाही. आणि मोजाल तुम्ही तिघं."

"चालेल," शंकासूर म्हणाला, "पण मामा, तुम्ही रागावला नाहीत ना?"

"रागावतोय कसला? घाबरलो होतो मीसुद्धा, पण कटरला नावं ठेवून मोकळा झालो. तुम्ही घाबरलात आणि शोधून काढलंत. शहाणे आहात माझ्यापेक्षा."

त्याने बोक्याला जवळ ओढलं. इतका वेळ प्लग मुठीत धरून बसलेला बोका तेव्हा कुठे हमसून हमसून रडला, आणि मामाने त्याला रडू दिलं.