तीन पोकळ पाय

"आधी तू फुंक," सुयुन कुजबुजली. "माझे ओठ कोरडे पडलेत."

चुआनने भट्टीदेवतेच्या वेदीवरचे हिरवे धूपपात्र तिरपे केले आणि पायाच्या आतल्या भोकावर फुंकर घातली. काहीच वाजले नाही.

आठशे वर्षांपूर्वीच्या कुंभाराने, त्याहूनही दोन हजार वर्षे जुन्या कांस्यपात्राचा घाट मनात धरून ते घडवले होते. पोकळ पाय भट्टीत फुटू नयेत म्हणून प्रत्येकाला एक भोक. दर सुट्टीत गावातले प्रत्येक मूल ते चोरून वाजवी. मोठे झाले की विसरल्याचे सोंग करी.

शहरातले तज्ज्ञ पान यांनी ते साफ करायला नेले आणि आज सकाळी आणून ठेवले. सुयुनच्या आजोबांनी त्यावर बोटे फिरवली. "हे आपलं नव्हे."

"लान काका, डोळे गेलेच होते, आता बोटंही गेली का?" गावप्रमुख चोंग हसले. पात्र परत मिळाल्याच्या पावतीवर त्यांनी न बघताच सही केली होती. चाळीस वर्षे आजोबांच्या कमरेला असलेली देवळाची किल्ली दुपारी काढून घ्यायचे ठरले.

"पान सरांच्या गाडीत एक पेटी आहे," चुआन म्हणाला. "म्हणे, वर्गात दाखवायची नक्कल."

"मग दाखवू दे की. फुगलेल्या माणसाला टाचणी लागत नाही, स्तुती पुरते."

देवळाच्या ओसरीवर मंडळी चहा पीत कलिंगडाच्या बिया फोडत होती. सुयुन अदबीने वाकली. "सर, अस्सल कुठलं नि नक्कल कुठली, आम्हा अडाण्यांना शिकवाल?"

पान प्रसन्न झाले. पेटीतले पात्र वेदीवरल्याशेजारी मांडून ते बराच वेळ बोलले. चमक, जाडी, पाचूसारखी खोली. शब्द तुपासारखे ओघळत होते. चोंग प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. इतकी विद्वत्ता आणि एवढी पोकळ, सुयुनला वाटले. ही पोकळी पात्राच्या पायांत असती तर निदान वाजली असती.

तिने अस्सल म्हणून सांगितलेले पात्र उचलून फुंकले. नुसती हवा. मग पेटीतले फुंकले.

शीळ उठली: बारीक, थंड, बांबूतल्या वाऱ्यासारखी. आजोबांची मान वर झाली. ओसरीवरच्या सगळ्याच माना वर झाल्या. प्रत्येकाला आपले लहानपण ऐकू आले होते.

"फोटो बघून भोकं पाडलीत, सर," सुयुन म्हणाली. "फोटोत पोकळी दिसत नाही. तुमचे पाय भरीव आहेत."

पान यांनी छत्री उचलली. दारात चुआन बसला होता, आणि त्याच्यामागे उभे राहिलेले चार कुंभार चहा विसरले होते.

पोलीस येऊन गेल्यावर चोंग यांनी घसा साफ केला. "शाबास, पोरांनो. गावाला तुमचा अभिमान वाटतो. पण पवित्र वस्तू वाजवायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

द्यायची म्हणून सोडून ठेवलेली किल्ली आजोबांनी पुन्हा कमरेला खोचली.

"तू दुसरा पाय वाजवायचास, चोंग," ते म्हणाले. "नऊ वर्षांचा होतास. तेव्हाही बेसूरच."