राठोड बंधूंची जीप

धर्मसिंगच्या जीपनं मला पहिल्यांदा कट मारला, तेव्हा मी पळता पळता थेट हरभऱ्यात उतरले. पहाटेचं धुकं होतं, दोष कुणाचाच नव्हता. जीप थोडी पुढं जाऊन थांबली आणि ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

“लागलं तं न्हाई ना? काहून पळून राहिल्या? कळमनुरीला जायचं असंल तं बसा की.”

“मला कुठं जायचं न्हाई. नुसतं पळायचंय.”

“नुसतं?” तो हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडत होती… आणि मी ती पाहिली, हे त्यानंही पाहिलं.

ही २००४ सालची गोष्ट. वारंगा फाट्याजवळ आमचा तांडा. मी कळमनुरीच्या कॉलेजात बी. ए. करत होते आणि पहाटे बाळापूरच्या रस्त्यानं पळत होते. आदल्या वर्षी नांदेडच्या अर्धमॅरेथॉनमध्ये, म्हणजे एकवीस किलोमीटरला, मला दोन तास दहा मिनिटं लागली होती. यंदा दोन तासांच्या आत यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमच्या बंजारा लोकांत अनोळखी माणूस भेटला की आधी गोत विचारतात. मला विचारायची गरजच पडली नाही. जीपच्या काचेवर वर ‘जय सेवालाल’ आणि खाली हातभर अक्षरांत ‘राठोड बंधू’ असं रंगवलेलं होतं. मीही राठोडच. राठोड-राठोड बहीणभाऊ. दुसऱ्या दिवशी मी त्याला ‘दादा’ म्हणाले आणि विषय संपवला.

विषय कसला संपतोय! जीप दर फाट्यावर पॅसेंजरसाठी थांबायची, मी पुढं निघून जायचे. मग तो हॉर्न वाजवत मला गाठायचा. पहिल्या फेरीला गर्दी नसली की माझ्या शेजारी जीप हळू चालवायचा आणि मीटर बघून माझा वेग सांगायचा.

“आज अकरानं पळून राहिल्या. मागच्या महिन्यात दहाच्या वर काटा जात नव्हता.”

“खरंच, दादा?”

“काटा खोटं बोलत न्हाई. आन् ते दादा म्हणू नका ना.”

“मग काय म्हणू?”

“धरम म्हणा. समदे म्हणतेत.”

“समदे म्हणतेत, ते मी काहून म्हणू?” मी म्हणाले आणि वेग वाढवला. कान मात्र मागच्या इंजिनाकडेच होते.

फेब्रुवारी आला. शेताशेतांत हळद शिजू लागली, रस्त्यावर तिचा दमट वास पसरला. आणि मला कळून चुकलं की मी पहाटे शर्यतीसाठी उठत नाही, त्या हॉर्नसाठी उठते. मी घाबरले. शर्यतीला आठवडा उरला असताना रस्ताच बदलला, नांदेडच्या बाजूला पळू लागले. पाय जड झाले. जेवण जाईना.

“काय झालं गं?” याडीनं विचारलं. आई म्हणजे आमची याडी. गोजरबाई तिचं नाव.

“जीपवाला चांगला पोरगा हाय, याडी. पण राठोड हाय.”

ती भाकरी थापत राहिली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी कॉलेजच्या मुलींबरोबर नांदेडला गेले. याडी सकाळी येणार होती, आणि इतक्या लवकर भाड्यानं मिळणारी गाडी एकच होती… त्याची.

पंधरा किलोमीटरपर्यंत मी ठरल्या वेगात होते. मग पाय ओढू लागले. एवढा जीव काढून करायचं तरी काय, असं वाटलं. अठराव्या किलोमीटरला गर्दीत याडीचा फेटिया, म्हणजे आमचा बंजारा घागरा, दिसला. चारचौघांत कधी आवाज न चढवणारी माझी याडी घागरा सावरत माझ्या बाजूनं पळत सुटली.

“शिले, पवार हाय पोरगा. पवार! म्या गाडीत गोत विचारलं. जीप राठोडाकून घेतलीय, नाव तेवढं ऱ्हायलंय.”

तिच्यामागं धर्मसिंग पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

उरलेलं अंतर मी रडत पळाले. रडलं की दम लागतो, असं आमचे सर सांगायचे. मला लागला नाही. एक तास छप्पन्न मिनिटं! इतकं चांगलं मी आजवर कधी पळाले नव्हते.

तो पाणी घेऊन आला. तोवर याडीनं त्याला सगळं सांगितलं होतं. याडी लांबच थांबली.

“मला वाटायचं, मी आवडत न्हाई म्हणून दादा-दादा करून राहिल्या,” तो म्हणाला.

“काचेवरचं नाव काहून पुसलं न्हाई?”

“राठोडाची जीप म्हणून लोक हात करतेत. पुसलं असतं तं पॅसेंजर तुटले असते.”

“आन् माझा जीव तुटत होता, त्याचं काय?”

तो बाटलीचं झाकण लावत, काढत राहिला. मग हळूच म्हणाला, “मला तुमी लई आवडता. कवाचंच सांगायचं होतं… उद्या पहाटे येऊ का रस्त्यावर?”

“उद्या मी पळणार न्हाई. उद्या दिवसा या. तांड्यावर. घरचे घेऊन.”

“परवा चालंल का? बा गावाला गेलाय.”

“न्हाई,” मी म्हणाले. “उद्याच.”